धनपालच्या रानातली मोटार

इंजिन काढून घेतलेली मोटार ओढायला बैल लागतात आणि उभी करायला जागेचा मालक लागतो. बैल मिळतात हो, बैलांचं काय! पण "कर उभी, किती दिवस ऱ्हायचं त्येवढं ऱ्हा" असं म्हणणारा मालक कोल्हापुरात मिळवून दाखवा. हुसेन डायव्हरनं तीन वर्षं तेवढाच उद्योग केला. पेठा झाल्या, तळ्याचा काठ झाला, गुऱ्हाळं झाली, वीटभट्ट्या झाल्या. शेवटी शेवटी तर त्याला लांबून येताना बघितलं की माणसं एकमेकांना कोपर मारायची, "आलं बघ मोटारवालं. आता जागा मागतंय." आणि तो खरंच जागा मागायचा. दुसरं काय मागणार बिचारा?

ही मोटार मूळची गडहिंग्लजच्या एका मालकाची, वऱ्हाडं न्यायची. पुढं लांब नाक असलेली, जुन्या घडणीची. हुसेननं ती सोळा वर्षं चालवली. मालक वारला, पोरांनी इंजिन विकून टाकलं आणि सांगाडा भंगारात काढला. नेमकं त्याच महिन्यात शिवाजी पेठेतल्या हुसेनच्या खोलीचा मालक म्हणाला, पोराचं लगीन ठरलंय, खोली मोकळी करा. हुसेननं डोकं लढवलं. मोटारमालकाच्या पोरांना म्हणाला, सांगाडा मला द्या. "न्ये की, आमची आडगळ गेली," म्हणाले ते. मग त्यानं आतली बाकडी काढली, मागचं लांब बाकडं तेवढं झोपायला ठेवलं. डायव्हरच्या जागेवर स्टोव्ह मांडला. ताजबीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, जुन्या साड्यांचे पडदे शिवून खिडक्यांना लावले. पेठेतल्या लोकांनी थट्टा केली, "काय हुसेनभाई, ही गाडी कितीला सुटती?" तोही हसला. पहिल्या वर्षी माणसाला हसू येतं.

पहिली जागा पेठेतल्या एका तालमीच्या मागची. तालमीची पोरं सोन्यासारखी, पण गणपतीचा मांडव आजवर त्याच जागेवर पडत आलेला. गणपती काय दुसरीकडं बसवायचा? मोटार हलवणं भाग होतं. ताजबीला तेव्हा चौथा महिना, ती आतच बसलेली. तीन बैलजोड्या लावल्या, वाटेत गटाराचा चर लागला, मोटारीनं दोन दणके खाल्ले आणि त्याच दिवशी मूल गेलं. दुसऱ्या वर्षी एका गुऱ्हाळाच्या कडेला उभे होते. हंगाम सुरू झाला, उसाच्या गाड्यांना वाट पाहिजे म्हणून मालकानं उठवलं. तेव्हा पाचवा महिना होता. तेही मूल गेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई हुसेनवर अशा काही कडाडल्या की तो भिंतीला चिकटला. "हिला पुन्हा दिवस गेले, तर बाळंत होईपर्यंत जागची हलवायची नाही. दणका नाही, धक्का नाही, बैलगाडी नाही. कळलं? ही शेवटची संधी आहे, पुढं हिचा जीवसुद्धा राहणार नाही."

कळलं होतं. म्हणून ताजबीला तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं समजलं तेव्हा हुसेनला आनंद झालाच नाही, आधी जागेचा घोर लागला. मोटार तेव्हा एका वीटभट्टीशेजारी होती आणि भट्टीवाला आज उठा, उद्या उठा करत होता. हुसेन सकाळी बाहेर पडायचा, दिवसभर तंगड्या तोडायचा. "नुसती उभी राहू द्या. सहा महिने. बायको बाळंत झाली की जातो." लोक ऐकून घ्यायचे, चुकचुकायचे आणि न्हाय म्हणायचे. जागा असलेला माणूस फार लवकर चुकचुकतो, एवढं हुसेन शिकला.

अशातच एक दिवस कळंब्याच्या रस्त्याला भाड्याचा एक ट्रॅक्टर बंद पडलेला दिसला. पस्तिशीतला एक गोरा, किरकोळ माणूस त्याच्याकडं हताश होऊन बघत उभा. धनपाल त्याचं नाव, जैनाचं घर, कळंब्याच्या पुढं एका वाडीत तीन एकर रान. हुसेननं सवयीनं बाह्या सारल्या, अर्ध्या तासात ट्रॅक्टर फुरफुरायला लागला. धनपाल खूश झाला. "काय देऊ, डायवर?"

"जागा द्या," हुसेन म्हणाला. तोंडातनं तेवढंच आलं.

सगळं ऐकल्यावर धनपालचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नव्हता हो, पण त्याचं तोंड एकदा दुधानं पोळलेलं होतं. त्याच्या बापाची दहा एकर होती. त्यातली सात बापानं कागलकडच्या एका माणसाला एका सुगीपुरती कसायला दिली, निव्वळ ओळखीवर. कुळकायदा आला. कसणारा म्हणून कागदावर नाव त्या माणसाचं होतं, सात एकर त्याची झाली. बाप त्या बांधाकडं तोंड करून बसायचा आणि तसाच बसून बसून गेला. "आता कोण रानात नुसतं लघवीला बसलं तरी माझ्या छातीत धडधडतंय," धनपाल म्हणाला. "राग मानू नका, पावणं."

हुसेननं राग मानला नाही. तो निघाला. पण धनपालची आई, आक्काताई, बांधावर गवत कापत होती, तिनं हाक मारली. "बाई पोटुशी हाय व्हय रं?"

"व्हय आक्का. आधीची दोन गेल्यात."

म्हातारीनं विळा खाली ठेवला. लेकाकडं बघितलं. "विहिरीच्या वरल्या अंगाला दोन गुंठं पडीक हाईत. काय पिकतंय तिथं? दगूड. ऱ्हाऊ दे बाईला तिथं. आनि ऐक रं डायवर, आमच्या रानात मास शिजवायचं न्हाय. अंडंबी न्हाय."

"न्हाय शिजवत, आक्का. आयशप्पत."

धनपालनं मान डोलवली, पण बोट वर केलं. "येक अट माझीबी. कागूद नको. कशाचाच कागूद नको. सगळं तोंडी. बाळातपण झालं, चाळीस दिवस झालं, की गाडी निघाली."

हुसेननं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. दोन दिवसांनी चार बैलजोड्या लावून, दर दहा पावलांवर थांबत, चाकांपुढं पाट्यापाट्यानं माती टाकत मोटार तिथं आणली. ताजबीला आत ठेवलीच नाही. ती मागनं कुणाच्या तरी सायकल-रिक्षातनं आली, तीही चालत्या माणसाच्या बेतानं. तिसरा महिना होता. पोर राहिलं पोटात.

मग काय दिवस आले हो! मोटारीच्या खिडकीतनं कळंब्याच्या तळ्यावरचा वारा. आक्काताई रोज दुपारी आपलं जेवण आटपून एरंडेलाची वाटी घेऊन यायची, ताजबीचे तळपाय चोळायची आणि बोलत राहायची. तिला बाळंतपणाचा हात होता, वाडीतली निम्मी पोरं तिच्याच हातावर आलेली. "मीच करतो तुझं," ती ताजबीला म्हणायची. कोल्हापूरकडची बाई ती, "करतो"च म्हणणार. "आक्का, तुमच्याबिगर कोन हाय मला," ताजबी म्हणायची आणि रडायची. आक्काताईनंच दुधी भोपळ्याच्या बिया दिल्या. भांडी घासलेलं पाणी नुसतं वाया जातंय, लाव म्हणाली. ताजबीनं चाकाजवळ बिया टोचल्या, पुढं मेथीचे चार वाफे केले. वेल मोटारीच्या नाकावरनं टपावर गेला. सातव्या महिन्यात पोटातलं पोर असं लाथा मारायला लागलं की ताजबी दचकून हसायची. त्या मोटारीत इतकं हसू सोळा वर्षांच्या वऱ्हाडांत मिळून झालं नसेल.

आणि इथंच हुसेननं माती खाल्ली.

झालं असं. धनपालला त्याच्या कुणा पावण्यानं डिवचलं, की बाबा एकदा तुझ्या बापानं केलं तेच तू करालाईस. धनपाल दोन दिवस मोटारीभोवती घुटमळला. तिसऱ्या दिवशी हसतच म्हणाला, "डायवर, गाडी जरा त्या कडंला घेऊया का? म्हैन्याला जरा जरा हलवली म्हंजे कोण काय म्हणायला नको."

सातवा महिना सरत आला होता. "अण्णा, तिला न्हाय हो हलवता येत."

"व्हय व्हय, ते बी खरंच," धनपाल म्हणाला आणि गेला. पण जाताना मागं वळून वळून बघत होता.

त्या रात्री हुसेननं मनाशी घेतलं, ह्या माणसाच्या मनातली भीती काढली पाहिजे. पण कशी? आता इथं हुसेनचं डोकं कुठं गेलं ते नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर कुणी म्हणेल माणूस येडाच होता. तो येडा नव्हता, डायव्हर होता. डायव्हरची एक रोजवही असते. गाडीत काय बिघाड आहे ते त्यात लिहायचं, तारीख घालायची, सही करायची. एकदा तवंदीच्या घाटात ब्रेक लागला नाही आणि वऱ्हाड दरीच्या कडेला जाऊन अडकलं. तिघांची हाडं मोडली. मालक पोलिसांपुढं म्हणाला, डायव्हर प्यालेला होता. हुसेननं रोजवही काढली. आठ दिवस आधी लिहिलेलं होतं: ब्रेक ढिला आहे, मालकास सांगितले. त्या एका ओळीनं त्याला तुरुंगातनं वाचवलं. तेव्हापासनं त्याच्या मनानं घेतलं, की खरं आहे ते सरकारी माणसापुढं लिहून टाकावं, म्हणजे पुढं कुणालाच भ्यायचं कारण उरत नाही. धनपाल कागदाला का भितो, हे त्याला कधी उमजलंच नव्हतं. त्याला वाटायचं, कागद नाही म्हणूनच तर बिचारा भितो!

म्हणून दुसऱ्या दिवशी हा गडी अंघोळ करून, टोपी घालून, कुणाला न सांगता चावडीत गेला. तलाठी नवीनच आलेला, तरणा, कामाला चोख. हुसेननं हात जोडले. "साहेब, धनपालअण्णांच्या रानात माझी मोटार हाय. माझा त्या जागंवर कसलाबी हक्क न्हाय, असं तुमच्या वहीत लिवा."

तलाठ्यानं चष्मा वर केला. "कोणाचा हक्क नाही ते माझ्या वहीत नसतं. कोण आहे आणि काय पीक आहे, ते असतं. पीकपाहणी चालूच आहे. उद्या येतो जागेवर."

आणि आला की! हुसेननं त्याला चहा पाजला. तलाठ्यानं विचारलं, किती जागा? दोन गुंठे. पीक? हुसेननं अभिमानानं वेल दाखवला, मेथी दाखवली. कोणी लावलं? आम्हीच. पाणी कोण घालतं? आम्हीच. खातं कोण? आम्हीच, साहेब, आक्कास्नीबी देतो. सगळं खरं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. तलाठ्यानं लिहून घेतलं. हुसेननं विचारलं, मालकाला दाखवायला एक नक्कल मिळेल का? चार दिवसांनी मिळाली. तिची नीट घडी घालून, वाटेत पावशेर पेढे घेऊन हुसेन धनपालच्या घराच्या सोप्यात गेला. त्या दिवशी तो लग्नातल्या नवरदेवासारखा चालत होता, असं पुढं वाडीतली माणसं सांगायची.

"अण्णा, आता घोर सोडा. सगळं लिवून आणलंय सरकारदरबारात."

धनपालनं कागद उलगडला. एकदा वाचला. मग बोट ठेवून पुन्हा वाचला. प्रत्यक्ष लागवड करणाऱ्याचे नाव: हुसेन शमशुद्दीन मुल्लाणी. पीक: भाजीपाला. क्षेत्र: दोन गुंठे.

"ह्ये काय केलंस," धनपाल म्हणाला. इतक्या हळू म्हणाला, की हुसेनला वाटलं त्याला आनंदानं भरून आलंय.

"लिवलं न्हवं सगळं? खोटं काय न्हाय त्यात."

"नाव लावलंस." धनपाल उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. "आई! आगं आई, ह्येनं नाव लावलं! कुळ लागलं आपल्या रानाला!"

आक्काताई आतनं आली. तिला वाचता येत नव्हतं, पण लेकाचं तोंड बघून ती दाराला धरून खाली बसली. हेच तोंड तिनं पूर्वी एकदा नवऱ्याचं बघितलं होतं. हुसेन पेढ्याचा पुडा धरून नुसता उभा. कुळ म्हणजे काय ते त्याला माहीत होतं हो, कोल्हापुरात कुणाला माहीत नाही? पण मेथीच्या चार वाफ्यांनी आणि एका भोपळ्यानं माणूस कुळ होतो, हे त्याच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. समजलं तेव्हा त्यानं पुडा तिथंच ठेवला. "अण्णा, मी आत्ता जातो, पुसून आणतो."

तो पळतच चावडीत गेला. तलाठी म्हणाला, "पुसून? शाईनं लिहिलेलं मी कसं पुसू? मालकानं अर्ज करावा तालुक्याला, चौकशी लागेल, तारखा पडतील."

"किती दिवस?"

"दिवस?" तलाठी हसला. वाईट हसला नाही, नवीन होता. "वर्षं म्हणा."

चावडीपुढं चहाच्या टपरीवर हंबीरराव बसलेला असायचा. लोकांचे अर्ज लिहून द्यायचा आणि फुकटचा कायदा सांगायचा. त्यानं हुसेनला हाताला धरून बसवलं. "आरं लेका, रडालाईस काय? नशीब उघडलं तुझं! आता तुला बापजन्मात कोण हलवत न्हाय. त्यो बैल घिऊन आला तर म्हणायचं, माझं नाव लागलंय, कोर्टात चल. बास. गप बसायचं बूड टेकून."

"त्या माणसानं मला जागा दिली, हंबीरराव."

"मग आता तुझी हाय की."

हुसेन चहा न पिताच उठला. पुढचे दोन दिवस त्यानं पुन्हा कोल्हापूर पालथं घातलं. भट्टीवाल्याच्या पाया पडला. पेठेत गेला, तालमीत गेला. पोरं म्हणाली, हुसेनभाई, गटाराचं काम निघालंय, सगळं खणून टाकलंय बघा. मशिदीच्या आवारात विचारलं, ते म्हणाले, माणसं ठेवू चार दिवस, मोटार कुठं ठेवणार? आणि ताजबीला मोटारीतनं काढून कुठं नेणार होता तो? आठवा लागला होता. ती पायरी उतरली तरी पोट आवळून यायचं. तिला त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? आक्का का येत न्हाय, ती विचारायची. सुगी हाय, तो म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी धनपाल बैल घेऊन आला. दोन जोड्या, दोन गडी, दोरखंड. गड्यांनी मोटारीच्या पुढच्या लोखंडाला दोर बांधायला घेतला. मोटार हलली, जराशीच, आणि आत भांडं पडलं. ताजबीनं खिडकीतनं तोंड काढलं. तिचं तोंड पांढरंफटक झालं होतं, दोन्ही हातांनी तिनं खिडकीचा गज धरला होता. "अवं, काय चाललंय? मला उतरवा की आधी!"

"अण्णा, दोन म्हैनं," हुसेन म्हणाला. "तुमच्या पाया पडतो. दोन म्हैनं फकस्त."

"माझा बापबी येका सुगीचंच म्हणालता." धनपालच्या डोळ्यांत पाणी होतं. "मला बायको हाय, दोन लेकी हायत, आन् तीन एकर हायत. मी काय करू, तूच सांग. तुला मी वाईट दिसतोय, पर मी काय करू?"

त्याचं काही चुकत नव्हतं. हुसेनलाही ते दिसत होतं, स्पष्ट दिसत होतं. पण गड्यानं बैलांच्या शेपटीला हात घातला आणि खिडकीतनं ताजबी "या अल्ला" म्हणून ओरडली, आणि हुसेनच्या तोंडातनं ते वाक्य निघालं. आयुष्यात त्यानं कुणाला असं काही बोललेलं नव्हतं.

"सोड दोर. गाडी हालायची न्हाय. नाव लागलंय माझं. कोर्टात चल."

सगळं जागच्या जागी थांबलं. गडी धनपालकडं बघायला लागले. धनपाल हुसेनकडं बघत राहिला. मग त्यानंच वाकून दोराची गाठ सोडली, दोर गुंडाळला, खांद्यावर टाकला आणि बैल वळवले. एक शिवी दिली असती तरी हुसेनला बरं वाटलं असतं.

त्यानंतर विहिरीकडं कुणी आलं नाही. धनपालच्या लेकी बांधावरनं जाताना तोंड फिरवायच्या. आक्काताईची एरंडेलाची वाटी मोटारीत राहिली होती, तीही मागायला कुणी आलं नाही. ताजबीला आता सगळं कळलं होतं. ती दिवसभर बाकड्यावर पडून राहायची आणि मध्येच म्हणायची, "चला, जाऊया. काय व्हायचं ते हुईल." हुसेन म्हणायचा, "गप." त्यानं मेथी उपटून टाकायला घेतली, मग वाटलं, उपटून आता काय उपयोग? अर्धा वाफा उपटला आणि तसाच सोडला. मोटार स्थिर उभी होती. इतकी स्थिर ती कधीच उभी राहिली नव्हती, आणि हुसेनला त्या स्थिरपणाची शिसारी आली होती.

नववा लागून आठ दिवस झाले होते. दुपार कलताना ताजबीला कळा सुरू झाल्या. हुसेन रस्त्याला पळाला, वाहन मिळेना. परत आला, ताजबीचा घोगरा आवाज ऐकला आणि त्याचे पाय आपोआप धनपालच्या घराकडं वळले. काय तोंडानं जायचं, हा विचार वाटेत आला. पण पाय थांबले नाहीत.

आक्काताई सोप्यात ताटावर बसली होती. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. भाकरीचा पहिला घास मोडलेला होता. धनपाल समोर जेवत होता. हुसेन उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला, हात जोडले. "आक्का," एवढंच म्हणाला.

धनपालनं मान वर केली नाही. आक्काताईनं हुसेनच्या तोंडाकडं बघितलं. हातातला घास ताटात ठेवला, ताटात हात न धुता उठली, पदर खोचला आणि त्याच्या अंगावरनं पुढं निघाली. तो मागनं धावत.

पाणी ठेव, फडकी दे, बाहेर हो, एवढंच बोलून आक्काताईनं मोटारीचं दार आतनं लावून घेतलं. हुसेन खाली चाकाला टेकून बसला. ताजबी एकदा अशी किंचाळली की हुसेननं दोन्ही कान दाबून घेतले. त्यानं नमाजातलं आठवेल ते सगळं म्हटलं. सूर्य तळ्याच्या पलीकडं खाली खाली जात होता, आणि त्याला एवढंच वाटत होतं, की हे पोर जाऊ नये, हे जाऊ नये, बाकी काय व्हायचं ते होवो. आणि मग आतनं पोर रडलं. चांगलं खणखणीत रडलं, कुणावर तरी चिडल्यासारखं.

हुसेन तिथंच मातीत डोकं टेकून ढसाढसा रडला.

बऱ्याच वेळानं आक्काताई दार उघडून खाली उतरली. "पोरगी हाय. दोघीबी बऱ्या हायत. बाईला गरम शिरा दे." तिनं हात पुढं केले, हुसेननं तांब्यानं पाणी घातलं. तिनं कोपरापर्यंत हात धुतले. तळ्यावर आता उजेड उरला नव्हता, दिवस बुडाला होता. घरी ताटात मोडलेला घास तसाच असणार. आता उद्या सूर्य उगवेपर्यंत म्हातारी अन्नाला शिवणार नव्हती, पाण्यालासुद्धा नाही. हुसेनला ते माहीत होतं.

"आक्का, तुमचं जेवान ऱ्हायलं माझ्यापायी."

"येका दिसानं मी मरत न्हाय."

तिनं हात पदराला पुसले. ह्या बाईसाठी काय करू आणि काय नको, असं हुसेनला झालं होतं. आत जाऊन त्यानं घोंगडं आणलं, मोटारीच्या दारापुढं अंथरलं, हातानं झाडून सारखं केलं, आणि आपल्या दारात आलेल्या कुठल्याही पावण्याला म्हणावं तसं म्हणाला, "बसा की आक्का घटकाभर. या, बसा."

आक्काताईनं घोंगड्याकडं बघितलं. टपावर चढलेल्या वेलाकडं बघितलं, अर्ध्या उपटलेल्या मेथीकडं बघितलं. मग त्याच्याकडं.

"माझ्या रानात मला बस म्हणालाईस व्हय रं, डायवर?"

आपण काय बोललो ते हुसेनला तेव्हा कळलं. "न्हाय आक्का... तसं न्हवं... चाळीस दिस झालं की गाडी काढतो. अल्लाची शपथ घेऊन सांगतो, काढतो."

"कुठं न्हेशील?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती, आणि उत्तरासाठी थांबली होती. हुसेननं तोंड उघडलं. पेठ, तळं, गुऱ्हाळ, भट्टी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढनं गेलं, आणि कुठल्याच जागेचं नाव त्याच्या तोंडात आलं नाही. म्हातारीनं डोक्यावर पदर घेतला आणि उपाशीपोटी बांधाबांधानं घराकडं निघाली.

"अवं," आतनं ताजबीचा दमलेला, सुखावलेला आवाज आला, "आक्कास्नी जाऊ दिऊ नका. बसवा की त्यास्नी."

हुसेन तिथंच उभा राहिला. त्याच्या पायाशी रिकामा तांब्या होता.